आर्किटेक्चर शिकताना संगणक किती, हातकाम किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाच्या दिवसांत पालक, पहिल्या वर्षाची मुलं आणि नव्याने शिकवायला लागलेले सहकारी जवळपास हेच प्रश्न विचारतात. उत्तरं स्टुडिओत शिकवणाऱ्या एका शिक्षकाची आहेत आणि त्यामागे एक ठाम मत आहे. संगणकाचा तास वेगळा, वर्कशॉपचा तास वेगळा, दोघांचे शिक्षक वेगळे, अशी विभागणी झाली की दोन्ही विषय लंगडे पडतात. एकाच अभ्यासात आधी आकड्यांत अंदाज लिहायचा, मग वस्तू करायची, मग ती मोजायची. अंदाज आणि माप यांत जो फरक निघतो, त्याचं कारण शोधताना मुलं सगळ्यात जास्त शिकतात.

पहिल्याच दिवशी लॅपटॉप घ्यावा का?

घाई करू नका. बहुतेक कॉलेजांत पहिलं सेमिस्टर ड्रॉइंग बोर्ड, पेन्सिल आणि मिल बोर्ड म्हणजे जाड पुठ्ठ्यावर निघून जातं. आधी सीनियर मुलांना विचारा, मग घ्या. घेताना १६ जीबी रॅम, एसएसडी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड एवढं बघा. राइनो आणि ऑटोकॅड ही सॉफ्टवेअर मॅकवर चालतात, पण रेव्हिट हे सॉफ्टवेअर थेट मॅकवर चालत नाही, हे लक्षात ठेवा. लॅपटॉपसाठी कर्ज काढायची गरज नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर चांगलं काम होतं.

आधी हाताने ड्रॉइंग शिकावं की थेट सॉफ्टवेअर?

आधी हाताने, पण फार काळ एकट्या हाताने नाही. कागदावर १:१०० ला काढताना २३० मिलिमीटरची भिंत २.३ मिलिमीटर होते आणि ११५ ची जेमतेम एक. काय दाखवायचं आणि काय सोडायचं, हे तिथे ठरवावंच लागतं. स्क्रीनवर झूम करता येतं, त्यामुळे हा निर्णय पुढे ढकलला जातो. मग मुलं १:१०० च्या प्लॅनमध्ये दाराच्या बिजागऱ्या काढून आणतात आणि प्रिंट काढल्यावर तिथे नुसता काळा ठिपका उमटतो.

माझ्या आवडीचा पहिला अभ्यास सांगतो. जुन्या वाड्यातली एक खोली टेपने मोजायची. समजा, चार भिंती क्रमाने ३.६२, ४.१०, ३.७० आणि ४.०६ मीटर भरल्या. मुलं कागदावर बिनदिक्कत आयत काढतात, कारण खोली चौकोनी 'दिसते'. तीच मापं कॅडमध्ये काटकोनात टाकली की शेवटची रेघ पहिल्या बिंदूला येऊन मिळतच नाही. आता कर्ण मोजायला परत जावं लागतं. एक कर्ण ५.५२ भरला, की दोन टोकांवरून दोन वर्तुळं काढून कोपरा पकडता येतो. दुसरा कर्ण मोजायचा तो पडताळ्यासाठी. कॅडमधल्या आकृतीत तो ५.४४ दिसत असेल आणि टेपवरही ५.४४ आला, तर माप बरोबर. वाडा वाकडा आहे हे कागदाने लपवलं असतं, संगणकाने ते उघडं केलं, आणि खात्री टेपने करून दिली. तिन्ही गोष्टी एका दुपारी होतात.

डिजिटल साधनं म्हणजे नेमकं काय काय?

चित्र काढायला ऑटोकॅड, जे १९८२ मध्ये आलं. आकार घडवायला स्केचअप आणि राइनो. भिंत, दार, स्लॅब यांची माहितीसकट इमारत उभी करायला रेव्हिट किंवा आर्किकॅड. नियम लिहून आकार बदलायला ग्रासहॉपर. डेव्हिड रुटन यांनी २००७ मध्ये राइनोसाठी ते बनवलं आणि आता ते राइनोच्या आतच येतं. ऊन-वारा तपासायला लेडीबग. वस्तू कापायला आणि बनवायला लेझर कटर, सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने फिरत्या बिटने कोरणारं मशीन), थ्रीडी प्रिंटर. असलेली वास्तू टिपायला फोटोग्रामेट्री, म्हणजे फोटोंवरून मापं काढणं, आणि लेझर स्कॅनिंग.

या यादीत मी रेंडरिंग, म्हणजे इमारतीचं फोटोसारखं चित्र काढणं, मुद्दाम घातलेलं नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री मुलं जेवढा वेळ रेंडरमागे घालवतात, त्याच्या निम्मा वेळ सेक्शनला, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगला, दिला तर प्रकल्प सुधारतो.

हातकाम म्हणजे मॉडेल बनवणं का?

मॉडेल हा त्यातला एक भाग. मिल बोर्डचं मॉडेल आकार शिकवतं, पण वजन, ओल, सांधा आणि वेळ यांची त्यातून कल्पना येत नाही. त्यासाठी निदान एकदा तरी खऱ्या मापाचं काही उभं करायला हवं.

विटांची भिंत हा सर्वांत स्वस्त धडा आहे. सॉफ्टवेअरमध्ये विटांचा हॅच, म्हणजे तयार नक्षी, भरला की तो कोपऱ्यावर कुठेही तुटतो आणि कोणाला खटकत नाही. प्रत्यक्षात कोपरा आला की सांधमोड कशी राखायची, म्हणजे उभे सांधे एकावर एक कसे येऊ द्यायचे नाहीत, हा प्रश्न पडतो, पाऊणवीट तोडावी लागते, दाराच्या बाजूला थर जुळवावे लागतात. ओळंबा सोडला की तिसऱ्या थरातच भिंत कुठे कलली ते कळतं. बाँड म्हणजे विटा रचायची पद्धत. मुलांनी साधी इंग्लिश बाँडची भिंत आणि शेजारी वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट-ट्रॅप बाँडची भिंत, दोन्ही रचाव्यात. रॅट-ट्रॅपमध्ये विटा कडेवर उभ्या लावतात, आत पोकळी राहते आणि साधारण पाव हिश्श्याने विटा वाचतात. हा आकडा मुलांना सांगू नका. आधी ग्रासहॉपरमध्ये किंवा साध्या एक्सेलमध्ये त्यांनाच मोजू द्या, मग भिंत रचताना विटा मोजू द्या. छोट्या भिंतीत बचत हिशोबापेक्षा कमी येते, कारण कोपरे, कडा आणि पायाचा थर भरीव ठेवावा लागतो. हे कारण एकदा मुलांनी स्वतः शोधलं की पुढच्या इमारतीच्या अंदाजपत्रकात ती ते विसरत नाहीत.

दोन्ही एकत्र शिकवणारा एखादा पूर्ण अभ्यास सांगाल का?

कमानीचा. दुसऱ्या वर्षाला उत्तम जमतो.

लोंबत्या साखळीचा आकार उलटा केला की तो कमानीचा आकार होतो, हे इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७५ मध्ये मांडलं. वास्तुविशारद आंतोनी गाउदी यांनी बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी दोऱ्या आणि छोट्या वजनांच्या पिशव्या टांगून अख्खी इमारत उलटी उभी केली होती. आज हेच काम ग्रासहॉपरमधलं कांगारू हे प्लगइन काही सेकंदांत करतं. साखळी, कांगारू आणि खरी कमान, आम्ही मुलांना तिन्ही करायला लावतो. भिंतीवर १.२ मीटर अंतरावर दोन खिळे ठोकून, मधोमध ०.६ मीटर खाली लोंबेल अशी साखळी टांगायची, समोरून फोटो काढायचा, आणि तो कांगारूतल्या रेघेवर ठेवून पाहायचा. दोन्ही रेघा जुळल्या की मुलांचा सॉफ्टवेअरवर डोळस विश्वास बसतो.

मग खरी कमान. त्या आकाराचं सेंटरिंग, म्हणजे खालून आधार देणारा साचा, प्लायमध्ये कापून घ्यायचं, पाचरींवर बसवायचं आणि विटा लावायला सुरुवात. डोक्यापाशी आलं की काम अडतं. या मापाच्या साखळीची वक्रता माथ्यावर सर्वांत जास्त असते. तिथली त्रिज्या अवघी ३७ सेंटिमीटरच्या आसपास येते. ७५ मिलिमीटर जाडीची आणि ११० मिलिमीटर खोल बसणारी वीट तिथे लावली, तर आतल्या बाजूला १० मिलिमीटरची दर्ज (दोन विटांमधली फट) बाहेरच्या बाजूला ३५ मिलिमीटर होते. स्क्रीनवरच्या कमानीला जाडी होती, पण वीट चौकोनी असते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आता निर्णय घ्यावा लागतो. विटा तासून निमुळत्या करायच्या, दर्जेत विटेचे तुकडे घालायचे, की माथा पसरट करायचा? माथा पसरट केला तर उंची कमी होते आणि पायाशी बाहेरचा रेटा वाढतो. तेवढाच गाळा (दोन पायांमधलं अंतर) आणि तेवढंच वजन धरलं तर उंची निम्मी केल्यावर रेटा जवळपास दुप्पट होतो. हे सूत्र फळ्यावर दहा वेळा लिहूनही जे कळत नाही, ते गुळगुळीत फरशीवर ठेवलेली कमान पाय फाकवून खाली बसते तेव्हा लगेच कळतं. म्हणून पायाशी आडवी पट्टी किंवा लोखंडी टाय आधीच लावून ठेवा, आणि पाचरी हळूहळू, दोन्ही बाजूंनी सारख्या सैल करा. त्या वेळी कमानीखाली कोणीही नको.

यानंतर मुलांना आर्मडिलो व्हॉल्ट दाखवा. २०१६ च्या व्हेनिस बिएनालेत झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या ब्लॉक रिसर्च ग्रुपने ३९९ चुनखडीच्या दगडांचं छत उभारलं होतं. त्यात चुना-सिमेंट नाही, सळई नाही, आणि सर्वांत पातळ जागी दगड फक्त ५ सेंटिमीटरचा. प्रत्येक दगडाचा सांधा कोणत्या कोनात कापायचा याचा हिशोब संगणकाने केला, आणि दगड कापायला व बसवायला मुरलेले पाथरवट होते. स्वतः कमान रचलेली मुलं ते चित्र फार वेळ बघत राहतात.

लेझर कटर, सीएनसी आणि थ्रीडी प्रिंटर यांपैकी कॉलेजने आधी काय घ्यावं?

लेझर कटर. सर्वांत जास्त हातांना, सर्वांत कमी वेळात उपयोगी पडतो.

पण मशीन आलं म्हणजे अचूकता आली, असं होत नाही. लेझरचा किरण स्वतः ०.१ ते ०.३ मिलिमीटर माल जाळून टाकतो. बाजारात '३ मिलिमीटर' म्हणून मिळणारा एमडीएफ व्हर्निअरने मोजा, कधी कमी भरतो, कधी जास्त. म्हणून खाचेचं मॉडेल कापण्याआधी एका पट्टीवर २.७, २.८, २.९ आणि ३.० च्या खाचा कापून कोणती घट्ट बसते ते बघायचं. सीएनसीची गोष्ट निराळी. ६ मिलिमीटरचं गोल बिट आतल्या कोपऱ्यात ३ मिलिमीटरची गोलाई सोडतं, त्यामुळे चौकोनी फळी खाचेत बसत नाही. कोपऱ्यात छोटं भोक वाढवून काढावं लागतं. सुताराला ही अडचण येत नाही, त्याच्याकडे पटाशी असते. थ्रीडी प्रिंटरवरचं पीएलए हे प्लॅस्टिक साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेलं मॉडेल ज्युरीपर्यंत, म्हणजे परीक्षकांसमोर मांडेपर्यंत, वाकलेलं असेल.

सनबोर्ड लेझरवर कापता येतो का?

नाही, कधीच नाही. आपल्याकडे मिळणारा सनबोर्ड बहुधा पीव्हीसीचा असतो. तो लेझरने जळला की क्लोरीनयुक्त विषारी वायू सुटतो, फुप्फुसांना त्रास होतो आणि मशीनही गंजतं. सनबोर्ड कटरनेच कापा. लेझर चालू असताना त्याच्यापाशी कोणीतरी उभं असलंच पाहिजे. एमडीएफ घासताना मास्क, सीएनसीपाशी चष्मा, केस बांधलेले, ओढणी बाजूला काढलेली. याला अपवाद नाही.

ऊन-सावलीचा अभ्यास सॉफ्टवेअरमध्ये झाला की पुरे ना?

पुरे नाही. लेडीबग ज्या हवामानाच्या फाइलवर चालतं, ती साधारणपणे शहरातल्या एका केंद्राची असते. तुमच्या प्लॉटशेजारची सात मजली इमारत आणि समोरचं वडाचं झाड त्या फाइलीत नाही.

एक काठी आणि एक सपाट फळी पुरते. पुणे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून २१-२२ डिसेंबरला मध्यान्ही, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या सुमाराला, सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा असेल तर त्याची सावली भिंतीवर साधारण ६७ सेंटिमीटर उतरते. मुलांनी हा आकडा आधी लिहायचा, मग कॉलेजच्याच छज्जाखाली टेप घेऊन उभं राहायचं. मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर असतो. तिथून जुलैच्या शेवटापर्यंत मध्यान्हीचा सूर्य पुण्यात उत्तरेकडे असतो. उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही, असं पाठ केलेल्या मुलांना हे काठीनेच पटतं. मुंबई, नागपूर, सावंतवाडी, प्रत्येकाचे आकडे वेगळे. आपापल्या गावाचे काढा.

बांबू, चिरा, लाकूड असा स्थानिक माल संगणकात कसा आणायचा?

इथे संगणकाची खरी परीक्षा होते. सॉफ्टवेअरमधला बांबू म्हणजे एकाच व्यासाची सरळ नळी. कोकणातला माणगा हातात घ्या. बुडाशी जाड, शेंड्याकडे बारीक, पेरांमधलं अंतर बदलत जाणारं, आणि थोडा बाक असतोच. शंभर सारख्या नळ्यांचं छत काढून सुताराकडे गेलात तर तो हात जोडेल.

उपाय उलट दिशेने जाण्यात आहे. आधी माल आणा. प्रत्येक बांबूला नंबर द्या, बुंधा, मध्य आणि शेंडा असे तीन व्यास आणि बाक मोजून तक्ता भरा. मग ग्रासहॉपरला कामाला लावा, कुठला बांबू कुठल्या जागी बसेल ते त्याला शोधू द्या. इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या हूक पार्कमध्ये लंडनच्या एए स्कूलच्या विद्यार्थ्यांनी वुडचिप बार्न असाच बांधला. जंगलातल्या बीच झाडांचे दुबेळके (खोडाला दोन फांद्या फुटतात ते भाग) स्कॅन केले, कुठला दुबेळका छताच्या कैचीत कुठे बसतो ते संगणकाने ठरवलं आणि रोबोटच्या हाताने सांधे कोरले. आपल्याकडे रोबोट नसला तरी टेप आणि तक्ता आहे. कुडाळला बांबूवर काम करणारं कॉनबॅक हे केंद्र आहे. सिंधुदुर्गात सहल काढणाऱ्या कॉलेजांनी किल्ल्यांसोबत तेही बघावं.

आमच्या कॉलेजात फॅब लॅब, म्हणजे अशा मशीनची कार्यशाळा, नाही. मग काय?

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, शाळेत न रमणाऱ्या मुलांना काम करता करता शिकवण्यासाठी. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर फॅब लॅब पहिल्यांदा निघाल्या त्या सुरुवातीच्या जागांत २००२ मध्ये हे पाबळ होतं. तिथल्या मुलांनी जिओडेसिक घुमटाची घरंही बांधली. पंचतारांकित इमारतीशिवाय हे होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा पाबळला जाऊन यावं.

तुमच्या गावातही साधनं आहेत. नेमप्लेट आणि साइनबोर्डवाल्यांकडे लेझर असतो, फर्निचरवाल्यांकडे सीएनसी. वेल्डिंगचं दुकान, कुंभारवाडा, चिऱ्याची खाण. सॉफ्टवेअरसाठी ब्लेंडर, फ्रीकॅड आणि क्यूजीआयएस फुकट आहेत. ऑटोडेस्कची साधनं विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवान्यावर मोफत मिळतात. चोरीची कॉपी वापरायचं कारण उरत नाही.

मिस्त्री किंवा सुतारांना वर्गात बोलवावं का?

जरूर, आणि शिक्षक म्हणून बोलवावं. जर्मनीत १९१९ मध्ये वायमारला बाउहाउस सुरू झालं तेव्हा प्रत्येक वर्कशॉपला दोन गुरू असत, एक कलावंत आणि एक कारागीर. आपल्याकडे मिस्त्री येतात ते बहुधा मुलांनी अर्धवट सोडलेलं काम संपवायला. तसं नको. त्यांना पाहुण्या व्याख्यात्याला देतो तेवढं मानधन द्या, ज्युरीत खुर्ची द्या, आणि मुलांना त्यांचं नाव घेऊन हाक मारू द्या, 'अहो मिस्त्री' एवढंच नाही. सेक्शन बघून "हे पाणी कुठून जाणार?" असा प्रश्न तेच विचारतात.

परदेशात विद्यार्थी खऱ्या इमारती बांधतात. आपल्याकडे का नाही?

येल विद्यापीठात १९६७ पासून पहिल्या वर्षाचे विद्यार्थी दरवर्षी एक इमारत बांधतात. सुरुवात चार्ल्स मूर यांनी केली. अलाबामाच्या हेल काउंटीत सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी १९९३ मध्ये रूरल स्टुडिओ काढला. तिथे ऑबर्न विद्यापीठाची मुलं गरीब कुटुंबांसाठी घरं बांधतात. या दोन्ही ठिकाणी कॉलेजने बांधकामाला वेळापत्रकात पूर्ण जागा दिली आहे. आपल्याकडे पाच वर्षांत दहा सेमिस्टर असतात, आणि त्यातलं एकही संपूर्ण बांधण्यासाठी राखून ठेवणं अवघड जातं. पण बसथांबा, शाळेची पाण्याची टाकी ठेवायचा कट्टा, अंगणवाडीची सावली, हे एका सेमिस्टरच्या काही आठवड्यांत बसतं. ग्रामपंचायतीशी आधी बोला, देखभाल कोण करणार ते लिहून घ्या. देखभालीचं ठरवलं नाही तर दुसऱ्याच पावसाळ्यात छप्पर गळू लागतं आणि गावाचा पुढच्या तुकडीवर विश्वास राहत नाही.

एआयने प्लॅन आणि चित्रं काढली तर चालतील का?

सुचण्यासाठी हरकत नाही. मात्र त्या चित्राचा सेक्शन आणि एका सांध्याचं १:५ चं ड्रॉइंग हाताने काढून आणायचं. पुढची चर्चा त्या ड्रॉइंगवर होईल.

गुण कसे द्यायचे?

नव्या शिक्षकांचा हा प्रश्न रास्त आहे. मी निम्मे गुण वहीला देतो. वहीत अंदाज तारखेसह असायला हवा, वस्तू करण्याआधी लिहिलेला. मग मोजलेलं माप, आणि फरकाचं कारण. फरक मोठा आला म्हणून गुण कापत नाही. ज्याने फरक शून्य दाखवला, त्याची वही मात्र नीट तपासतो. उरलेल्या गुणांत वस्तू आणि ड्रॉइंग. असं ठेवलं की महागडा लॅपटॉप असलेल्या आणि नसलेल्या मुलांमधलं अंतर कमी होतं.

नोकरीला सॉफ्टवेअर लागतं. मग मुलीने विटा कशाला रचायच्या?

पालकांची ही काळजी खरी आहे. पहिली नोकरी बहुधा सॉफ्टवेअर येतं म्हणूनच मिळते आणि ते तिला पक्कं आलंच पाहिजे. पण काही महिन्यांत तिला साइटवर पाठवतील. तिथे ठेकेदार म्हणेल, "मॅडम, ड्रॉइंगप्रमाणे हे बसत नाही." त्या क्षणी खरंच बसत नाही की कामाचा कंटाळा आहे, हे तिला ओळखता यायला हवं. ज्या मुलीने स्वतः पाऊणवीट तोडली आहे आणि स्वतःच्या ड्रॉइंगमधली चूक स्वतःच्या भिंतीत पाहिली आहे, ती तिथे टेप मागते, मोजते आणि निर्णय देते.

सुट्टीत घरी काय करता येईल?

राहत्या घरातली एक खोली दोन्ही कर्णांसह मोजा आणि १:५० ला काढा. घराच्या दाराची चौकट भिंतीत कशी धरली आहे ते शोधा, त्याचा १:५ चा सेक्शन काढा. जवळ बांधकाम चालू असेल तर परवानगी घेऊन, बूट आणि हेल्मेट घालून, सकाळी काम सुरू होताना जा. दोरी कुठून कुठे बांधतात, पहिला थर कसा लावतात आणि विटा आधी भिजवतात का, ते टिपून घ्या. कॉलेज सुरू झालं की ती वही घेऊन या.